केमचं कुंकू आणि सुनंदाचा पट

केमला जायचं ठरलं ते कुंकवासाठी. पुडीतल्या कुंकवानं माझं कपाळ खाजतं, आणि केमला तर घरोघर कुंकू बनतं. शिवाय माझी मावसबहीण सुनंदा तिथल्याच एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. कुंकूही होईल, भेटही होईल.

सोलापूरकडे जाणाऱ्या सगळ्याच गाड्या केमला थांबत नाहीत, आधी बघून घ्या. पुण्याहून जनरलचं तिकीट अगदी स्वस्त पडतं. स्टेशनवर सुनंदा स्कूटी घेऊन आली होती. तिच्याकडे भाकरी आणि तेल घातलेली शेंगाचटणी हाणून मी आडवी होणार, तोच बाईसाहेब म्हणाल्या, "ऊठ, पोरं गोळा करायला जायचंय."

उद्यापासून शाळा, आणि बाई आज दारोदार! पिवळ्या बसची खाजगी इंग्रजी शाळा निघाल्यापासून हिच्या शाळेचा पट घसरलाय. अजून एक मूल मिळालं नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार आणि चारही वर्ग हिच्या एकटीच्या गळ्यात.

माळावर मेंढरांच्या वाड्याशेजारी एक घर होतं. तिथं बिरू आणि बायजा ही जुळी पोरं पहिलीत जायची होती.

"दोघांना द्या की मला," सुनंदा म्हणाली.

"बिरूची फी भरली की त्याच्या बानं. दोघांचं न्हाय झेपत," त्यांच्या आईनं बायजाला पुढं सारलं. "पोरगी घ्या तुमी. तुमची शाळा बी लई चांगली हाय, बाई."

"जागा वाचली गं!" परतताना मी खुशीत म्हणाले.

"व्हय, वाचली," सुनंदा एवढंच बोलली.

सकाळी शाळेत परातीत कुंकवाचं पाणी कालवलं होतं. नव्या पोरांची पावलं त्यात बुडवून कागदावर उठवायची, अशी इथली पद्धत. बायजाची पावलं ओली होती तेवढ्यात रस्त्यावरून बस गेली. खिडकीतून बिरूनं हात हलवला. बायजा लाल पायांनी फाटकापर्यंत धावली. बस थांबली नाही. सुनंदानं पदरानं तिचे पाय पुसले. मला बसचा राग आला, बायजाच्या बापाचा आला, आणि आदल्या दिवशी खूश झालेल्या माझा स्वतःचा तर फारच आला.

निघताना घेतलेलं कुंकू मात्र अस्सल निघालं. घरी येऊन लावलं, खाज नाही. केमला जाणार असाल तर जरूर आणा.

काल, चार महिन्यांनी, सुनंदाचा फोन आला. दुसरे गुरुजी राहिले, आणि बायजा सगळ्यांच्या आधी वाचायला लागली.

"मला विचारत होती, नीट शिकले की बसच्या शाळेत घेतील का म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"घेतील की, म्हणाले. दुसरं काय सांगू तिला?"