स्कॉटलंडातला अंतरपाट

भाचीचं लग्न स्कॉटलंडात, तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या गावी करायचं ठरलं, तेव्हा लीड्सहून बहिणीने मला बर्मिंगहॅमला फोन केला आणि दोन कामं सांगितली. अंतरपाट घेऊन यायचा आणि त्याचं एक टोक मीच धरायचं, हे पहिलं. दुसरं सांगताना तिचा आवाज खाली गेला. "दादा, पुण्याहून थोरले दीर आणि जाऊबाई येतायत. त्यांना छोटीचं काही माहीत नाही. लग्न होईपर्यंत ती हॉलमध्ये नको."

छोटी म्हणजे भाचीची मुलगी, दीड वर्षाची. भाची आणि तो मुलगा एकत्र राहत होते, मूल झालं, आणि मग त्यांना लग्न करावंसं वाटलं. इथल्या लोकांना यात सांगण्यासारखंसुद्धा काही वाटत नाही. आमच्याकडे मात्र पेढे वाटले नाहीत, बारसं झालं नाही. मी तिला जेमतेम एकदा पाहिलं होतं, कारमध्ये झोपलेली. बहिणीचा मला राग आला, पण मी "बरं" म्हणालो, कारण लाज मलाही वाटत होतीच. भाची आईशी भांडली, रडली आणि शेवटी थकून हो म्हणाली. छोटीला हॉलच्या मागच्या खोलीत नवऱ्याच्या बहिणीजवळ ठेवायचं, आणि कुणी विचारलंच तर तिची झोपायची वेळ आहे म्हणून सांगायचं, असं ठरलं.

लग्नाच्या सकाळी मी हॉलमध्ये टेबलावर अंतरपाट पसरून इस्त्री करत होतो. पांढरं कापड, मधोमध कुंकवाने काढलेला ॐ. स्वस्तिक काढू नकोस, इथे लोकांचा गैरसमज होतो, असं बहिणीने आधीच बजावलं होतं. आपलं काय काय दडवायचं याची आम्हाला इतक्या वर्षांत चांगली सवय झाली होती.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी काठी टेकत आली. ऐंशीच्या घरातली, शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. हे कापड कशाला, म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, की नवरानवरीच्या मध्ये धरतात आणि मंगलाष्टकं संपली की बाजूला करतात. ऐकताना तिचा चेहरा एकदम खुलला.

"आमच्याकडेही असायचं असं कापड, फार पूर्वी," ती म्हणाली. "लग्न लागताना दोघांच्या डोक्यावर धरायचे. मेलेल्यांसाठी वेगळं, काळ्या मखमलीचं. त्याला मॉर्टक्लॉथ म्हणायचे. शवपेटीवर घालायला चर्च ते गावाला भाड्याने द्यायचं. ते मी लहानपणी पाहिलंय. लग्नाचं मात्र नुसतं ऐकलंय." मग ती जवळ सरकली. "आणि लग्नाआधी मूल झालेलं असलं ना, तर त्यालाही आईबापांबरोबर त्या कापडाखाली घ्यायचे. मग ते मूल त्या घराचं. पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही."

तिने माझं मनगट धरलं. "आमच्या लोकांनी ते केव्हाच सोडून दिलं. आणि तुम्ही छोटीसाठी हे इतक्या लांबून घेऊन आलात. फार चांगली माणसं आहात तुम्ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या कापडाचा आणि छोटीचा काही संबंध नाही, तिला तर आम्ही मागच्या खोलीत ठेवणार आहोत, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि "थँक यू" म्हणालो. इस्त्री तशीच कापडावर राहिली होती, ती घाईघाईने उचलली.

मुहूर्तावर सगळे जमले. भाची शालू नेसून पाटावर उभी, समोर किल्ट घातलेला नवरा, मध्ये अंतरपाट. एक टोक माझ्या हातात, दुसरं लंडनच्या ईलिंगहून आलेल्या गुरुजींच्या. पहिलं मंगलाष्टक संपलं, गुरुजी दम घ्यायला थांबले, आणि पहिल्या रांगेतून आजीचा खणखणीत आवाज आला, "छोटी कुठाय? ती कापडाखाली हवी ना?"

आजीने शेजारी बसलेल्या पुण्याच्या दिरांना सगळं नव्याने समजावायला सुरुवात केली. तिचे उच्चार त्यांना कळेनात. त्यांनी मलाच विचारलं, "अहो मामा, काय म्हणतायत या?"

बहीण मला डोळ्यांनी दटावत होती. भाचीला दोन्ही भाषा येतात, तिला सगळं कळलं होतं. ती खाली मान घालून उभी होती आणि तिच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. कापड छान आहे म्हणतायत, एवढं सांगितलं की मी सुटलो असतो. वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्या म्हातारीने मला चांगला माणूस म्हटलं होतं, आणि ते मला सोसवत नव्हतं.

"त्या विचारतायत, हिची मुलगी कुठे आहे," मी म्हणालो. "दीड वर्षाची आहे. मागच्या खोलीत आहे. आम्हीच ठेवलीय." हे बोलताना मी अंतरपाटाकडे बघत होतो, माणसांकडे बघायची हिंमत नव्हती.

जाऊबाई ताडकन उठल्या. "मग आणा की तिला! कालपासून वाट बघतोय आम्ही, कुणीतरी दाखवेल म्हणून."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. भाचीने छोटीचा फोटो अमेरिकेतल्या चुलतभावाला ईमेल केला होता आणि त्याने तो आपल्या आईवडिलांना, म्हणजे या दोघांनाच, पाठवला होता. "तुम्ही आपणहून सांगाल म्हणून आम्ही गप्प होतो," जाऊबाई बहिणीला म्हणाल्या. "तुमचा फोन आला की हे म्हणायचे, आज सांगतील बघ."

बहिणीने पदर तोंडाशी नेला. भाचीने मात्र कुणाची वाट पाहिली नाही. "मामा, डोंट मूव्ह, मी आणते तिला," म्हणत शालू वर धरून ती पळाली आणि बिस्किटाने तोंड माखलेल्या छोटीला कडेवर घेऊन परत आली. गुरुजींनी आपलं टोक तिघांच्या डोक्यांवर उचललं. मीही उचललं. त्यांनी पुढचं मंगलाष्टक सुरू केलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि दोन्ही हात वर असल्यामुळे पुसताही येत नव्हती.

अक्षता पडल्यावर जाऊबाईंनी पर्समधून एक लहान डबी काढली. आत चांदीचे वाळे होते. "जन्मली तेव्हाच केले होते," त्या म्हणाल्या. त्यांनी जमिनीवर बसून छोटीचा पाय मांडीवर घेतला. वाळा टाचेपाशी अडला. दुसऱ्या पायातही जाईना. बहिणीने तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः घालून बघायला लागली. ती पुन्हा पुन्हा घालत होती आणि छोटी पाय मागे ओढत होती.

शेवटी जाऊबाईंनीच बहिणीचा हात धरला. "राहू दे," त्या म्हणाल्या, "दुखेल तिला."