झोपमोड

आमच्या वस्तीत मोठ्यानं बोलणारा माणूस एक तर पाहुणा असायचा, नाहीतर भांडायला आलेला. कारण साधं होतं. शेजारी काचेचा कारखाना. त्याची भट्टी कधी विझत नाही आणि दिवसाच्या उन्हात तिच्यापुढे उभं राहणं माणसाचं काम नव्हे, म्हणून बहुतेक सगळी पुरुषमंडळी रात्रपाळीला. सकाळी भोंगा झाला की घरोघरी जाड पडदे ओढले जात आणि अख्खी वस्ती झोपी जाई. जाग्या राहत त्या बायका आणि आम्ही पोरं, आणि तेही चोरासारखे. दाराच्या बिजागऱ्यांना तेल, भांड्यांखाली फडकी, सायकलींच्या घंट्या काढून ठेवलेल्या. पकडापकडीसुद्धा आम्ही मुक्यानं खेळायचो. बाद झालेला पोरगा भांडायचा तो नुसते हातवारे करून.

अशा वस्तीतून हार्ड रॉक वाजवणारा बँड निघाला असं सांगितलं की लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणोत बापडे. त्या बँडचा टेम्पो मी चालवतो आणि त्याचे ड्रम माझी सख्खी थोरली बहीण वाजवते. आता यापुढे पुरावा काय आणू?

ताई घरातलं पहिलं मूल, म्हणून आईची सगळी शिकवण तिच्या वाट्याला ताजी ताजी आली. आईची शिकवण म्हणजे एकच शब्द, हळू. दार लावलं, हळू. खोकला आला, हळू. ताई पहिल्यांदा खळखळून हसली असेल तेव्हाही आईनं तळहात खाली दाबून तीच खूण केली असणार. आईचा दोष नव्हता. रात्रभर भट्टीपुढे भाजून आलेला नवरा आत झोपलेला, आणि त्याची झोप मोडली तर दुसऱ्या रात्री वितळलेल्या काचेजवळ त्याचा हात चुकेल ही धास्ती तिच्या उशाशीच असायची. पुढे बाबा निवृत्त झाले, मग गेले. घरात दिवसा झोपणारं कुणी उरलं नाही, पण आईचा आवाज काही वर आला नाही. ती कुजबुजायचीच. तिचा खरा आवाज कसा आहे हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

ताई गादीच्या कारखान्यात कामाला होती. आमच्या गावचा मुख्य धंदा काच असला तरी जोडधंदा झोप होता, त्यामुळे गाद्यांना मरण नव्हतं. खोळीत पिंजलेला कापूस भरायचा, तोंड शिवायचं आणि मग वेताच्या दोन काठ्यांनी गादी झोडपून कापूस सगळीकडे सारखा करायचा, हे ताईचं काम. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं आणि दोन दिवस मला स्टिअरिंग धरवेना. ताई मात्र अशी झोडपायची, की बघणाऱ्याला वाटावं गादीनं हिचं काहीतरी वाकडं केलंय. घरात मांजराच्या पावलानं वावरणारी ही बाई तिथं वेगळीच असायची. लग्न जमवायला आलेल्या पाहुण्यांनी तिला घरात पाहिलं ती गरीब गाय. त्यांना कारखान्यात नेलं असतं तर बरं झालं असतं, दोन्ही बाजूंचा वेळ वाचला असता.

या कारखान्याचं गोदाम म्हणजे छतापर्यंत कापसाच्या गासड्या. आत बॉम्ब फुटला तरी बाहेर कुणी कूस बदलली नसती. त्यामुळे वाजवायची खाज असलेल्या चार जणांनी मालकांच्या हातापाया पडून सुट्टीच्या दिवशी तिथं जागा मिळवली. गाणारा वीज खात्यात लाइनमन. खांबावरून खालच्याला हाका मारून त्याचा गळा तयार झाला होता. गिटारवर चष्म्याच्या दुकानातला एक जण, दुसऱ्या जाड तारांच्या गिटारवर पोस्टमन, आणि ड्रमवर औषधाच्या दुकानातला पोरगा. बँडचं नाव ठेवलं 'झोपमोड'. वस्तीत हे नाव मोठ्यानं घ्यायचीही कुणाची छाती नव्हती.

कापूस आवाज गिळतो. हे चौघं वाजवायचे आणि त्यांना ऐकू यायचं निम्मंच, म्हणून ते आणखी जोरात वाजवायचे. तिथंच कोपऱ्यात ताई सुट्टीच्या जादा कामाला गाद्या झोडपत असायची. काही आठवड्यांत औषधवाला कुरकुरायला लागला, की गाणी माझ्या हातात राहतच नाहीत. खरी गोष्ट अशी होती, की बाकीचे तिघं नकळत ताईच्या काठ्यांवर वाजवत होते. औषधवाला रुसून निघून गेला. त्या दिवशी ताई काम आवरायला लागली तेव्हा लाइनमन धावत आला.

"ताई, तुम्ही थांबू नका."

"गादी झाली माझी."

"मग दुसरी घ्या. आम्ही तुमच्यावरच वाजवतोय."

ताईला वाटलं थट्टा करतोय. पण पुढच्या सुट्टीला ती ड्रममागे बसली. हात तयारच होते. पायाचं पेडल शिवणयंत्रावरच्या पायांनी शिकून घेतलं. ड्रमचं कातडं मात्र टिकेना, कारण गादी मार खाऊन दबते आणि ड्रम दबत नाही, हे तिच्या हातांना पटायला वेळ लागला. "फाडा, ताई, खुशाल फाडा," असं म्हणून लाइनमन नवी कातडी आणायचा. त्या दिवसांत ताई घरी आली की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं. मला ते कळायचं नाही आणि म्हणून मी चिडायचो. आता कळतं, ती सुखात होती.

मग पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. काचेच्या कारखान्याचा वर्धापनदिन, तिथलंच कॅन्टीन, संध्याकाळची वेळ. भिंती उघड्या, वर पत्रा, समोर काचेची तावदानं. आणि इथं या चौघांनी जी चूक केली ती जगात दुसरं कुणी करणार नाही. त्यांनी स्वतःला कापसाबाहेर कधी ऐकलंच नव्हतं. गोदामातल्यासारखीच सगळी बटणं पूर्ण फिरवली आणि ताईनं गोदामातल्यासारखाच पहिला ठोका दिला.

पत्र्यानं तो दुप्पट करून परत टाकला. पुढच्या रांगेतले लोक खुर्च्यांसकट मागे सरकले. तावदानं थरथरली. दुसरा ठोका पहिल्याच्या घुमण्यात मिसळला आणि त्यात गिटार, त्यात लाइनमनचा गळा. मी दाराशी उभा होतो. ताईचा चेहरा मला दिसला. घाबरली होती ती, पण लोकांना नाही, स्वतःला. हा एवढा आवाज आपला आहे, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. गाणं अर्ध्यात असताना तिनं काठ्या खाली ठेवल्या, अगदी हळू, आवाज न करता, आणि मागच्या दारानं निघून गेली.

घरी आई दिव्याखाली शिवत बसली होती.

"इथपर्यंत आलं ते," आई कुजबुजली. "कोण गं आपटत होतं एवढं?"

"मी," ताई म्हणाली.

आईनं वर बघितलं. रागावली नाही. नुसता तळहात खाली दाबला. "हळू गं बाई."

ताई गोदामात जायची बंद झाली. तिच्या गाद्यांतसुद्धा गुठळ्या राहायला लागल्या, मालकांनीच मला सांगितलं. मला आईचा राग आला, खूप आला, आणि तो बोलून दाखवायला आमच्या घरात आवाज कुठे होता?

बँडनं बाहेरून एक ड्रमवाला आणला. व्यवस्थित होता बिचारा, शिकलेला होता, पण गाणी जी बसली ती उठेचनात. शेवटी तिघं आमच्या दारात आले, तेही भर दुपारी. अख्खी गल्ली झोपलेली. ते तिघं आणि ताई, अशी चार घोड्यासारखी माणसं पायरीवर बसून कुजबुजत भांडतायत हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही.

"ताई, तुमच्याशिवाय होत नाही," लाइनमन ओठांनीच म्हणाला.

"गोदामात येईन. बाहेर नाही."

"गोदामात कोण ऐकणार? गासड्या?"

"तेवढं मला पुरतं."

पोस्टमननं कपाळावर हात मारला, तोही हळूच. लाइनमन मात्र विचारात पडला. मग म्हणाला, "तुम्ही बाहेर येणार नसाल तर आपण गोदामच बाहेर नेऊ."

तेव्हापासून माझी पाठ दुखते. प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पोभर गाद्या. स्टेजच्या तिन्ही बाजूंना उभ्या करायच्या, ताईच्या पाठीमागे तर भिंतच. आवाज मऊ व्हायचा, तिला घरच्यासारखं वाटायचं आणि ती वाजवायची. पहिल्यांदा लोक गाद्या बघून हसायला यायचे. "झोपायचा कार्यक्रम आहे का?" असं विचारायचे. मग 'दिवे मालवा, दिवस उगवला' हे आमच्या भोंग्यावरचं गाणं सुरू व्हायचं आणि हसणाऱ्यांचे पाय हलायला लागायचे. आसपासच्या गावांतून बोलावणी आली. मोबाइलवर व्हिडिओ फिरले. चाळिशी ओलांडलेली बाई गादी झोडपल्यासारखे ड्रम वाजवते, हे लोकांना बघायचं होतं. कालपर्यंत तक्रारी करणारे आमचे शेजारी पाहुण्यांना सांगायला लागले, की ही आमच्याच गल्लीतली. अर्थात दबक्या आवाजात.

आई कधी आली नाही. ताईनं तिला कधी बोलावलंही नाही. पण एकदा शेजारणीनं तिला मोबाइलवर ताईचा व्हिडिओ लावून दिला. मी आत आलो तेव्हा आई तो आवाज बंद करून बघत होती. पुन्हा पुन्हा बघत होती.

"हात छान चालतात हिचे," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते."

पुढची वेळ म्हणजे मोठ्या शहरातली स्पर्धा, दुपारची. देशभरातले बँड येणार होते. प्रवासभर आई टेम्पोत माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसून होती. ताई मागे गाद्यांवर. शेजारच्या खिडकीशी ये म्हटलं तर नको म्हणाली. ताईला कसली भीती होती हे मला ठाऊक होतं. सगळ्या जगानं वाहवा केली असती तरी पहिल्या रांगेतला एक तळहात खाली आला असता, तर ती पुन्हा काठ्या ठेवून उठली असती. आणि या वेळी कायमची.

हॉल भला मोठा, छत उंच. मी गाद्या उतरवून स्टेजवर नेत होतो. ताई पडद्याच्या फटीतून बघत होती. पहिल्या रांगेत आई बसली होती. तिनं पिशवीतून कापूस काढला, नीट दोन बोळे वळले आणि दोन्ही कानांत घातले. ताईच्याच गादीच्या कारखान्यातला कापूस होता तो.

ताई माझ्याकडे आली. "गाद्या परत टेम्पोत टाक."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. लाइनमनचा तर चेहराच उतरला. "ताई, आजच? अहो, आपली ओळख आहे ती. नंतर काय ते करा, आज नको."

"आईनं कानात कापूस घातलाय," ताई म्हणाली. "दोघींनीही कापसात बसायचं ठरवलं तर ऐकणार कोण?"

मी गाद्या उचलल्या. शिव्या देतच उचलल्या, पण उचलल्या.

पडदा सरकला. उघड्या स्टेजवर ताई मला फार लहान दिसली. तिनं पहिला ठोका दिला आणि तो हॉलभर जाऊन परत आला. तिच्या काठ्या हवेत थांबल्या. तेच कॅन्टीनमधलं तोंड. ती आईकडे बघत होती. लाइनमन मागे वळून तिच्याकडे बघत होता. मी बाजूच्या दाराशी उभा राहून आईच्या हाताकडे बघत होतो.

हात वर आला. पण तो खाली दाबला गेला नाही, कानाकडे गेला. आईनं एका कानातला बोळा काढला, मुठीत धरला आणि मान जराशी तिरकी करून तो कान स्टेजकडे केला. दुसऱ्या कानातला तसाच ठेवला. धोका पत्करायचा तो बेतानं, असा तिचा स्वभावच आहे.

मग ताईनं जे काही वाजवलं त्याचं वर्णन करायला मी गेलो तर माती करीन. एवढंच सांगतो, की मला रडू आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला नंबर मिळालेल्यांपेक्षा टाळ्या आम्हाला जास्त होत्या, पण मी भाऊ आहे, माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

परतताना ताई पुढे आमच्याजवळ बसली. आई मध्ये. आई अधूनमधून कानाशी चुटक्या वाजवून बघत होती. एका वळणावर टेम्पो जरा जोरात वळला आणि ती ओरडली, "अरे, हळू चालव की!"

मी ब्रेकच दाबला. असा खणखणीत, भरदार आवाज या टेम्पोत कुठून आला ते मला क्षणभर कळेना. त्या एवढ्याशा बाईचा होता तो. एक कान सुन्न आणि दुसऱ्यात अजून बोळा, त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय हे तिला ऐकूच येत नव्हतं.

"काय झालं? थांबलास का?" ती पुन्हा तशीच गरजली. "आणि तुमच्या त्या गाणाऱ्याचं मला एक अक्षर कळलं नाही हो! हिचं मात्र सगळं कळलं!"

ताई हसायला लागली. खळखळून हसली, आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आई तिला थोपटत राहिली आणि मोठमोठ्यानं बोलत राहिली. मी गाडी रस्त्याच्या कडेला तशीच उभी ठेवली. घरी पोचेपर्यंत तिचा कान बरा झाला असता आणि आवाज पुन्हा खाली गेला असता, म्हणून मला निघायची घाई नव्हती.