पिवळाच राहिलेला खळगा

प्रयोगशाळेत तिला सगळे सासूबाई म्हणत. वयामुळे नव्हे, अजून चाळिशीही उलटली नव्हती. पण कुणीही चाचणीची प्लेट समोर ठेवली की ती काहीतरी खोड काढायचीच. द्रव गारठलंय, पिपेटचं टोक नीट बसलेलं नाही, प्लेट धुणं घाईत उरकलंय. लोक पाठीमागे कुरकुरत, आणि घोडं अडलं की तिच्याकडेच येत.

काम रक्तातली प्रतिपिंडं शोधण्याचं. प्लेटमध्ये नखाएवढे खळगे, त्यांच्या तळाला विषाणूचा अंश चिकटवलेला. रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती तिथे पकड घेतात. बाकीचं धुऊन टाकायचं, त्या प्रतिपिंडांना धरणारं दुसरं द्रव सोडायचं, पुन्हा धुवायचं आणि शेवटी रंगाचं द्रव घालायचं. खळगा पिवळा झाला की संशय पक्का, कोरा राहिला की माणूस सुटला.

घरी आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाआड तिला यंत्रावर रक्त शुद्ध करायला न्यावं लागे. परतताना ती चिंधीसारखी होऊन यायची. मूत्रपिंड द्यायला सासूबाई एका पायावर तयार होती, पण रक्तगट आडवा आला. धाकट्या भावाचा जुळला. त्याने एका शब्दाने आढेवेढे घेतले नाहीत. एकेक तपासणी पार पडत गेली आणि यकृताच्या विषाणूची तेवढी राहिली. त्याचं रक्त तिनेच काढलं.

"लहानपणी नखं मारायचीस, आता सुई," तो म्हणाला. "सुधारलीस म्हणायची."

नेमकी त्याच आठवड्यात प्लेट बिघडली. दर प्लेटमध्ये निरोगी असल्याचं आधीच ठाऊक असलेलं रक्त मुद्दाम घालतात. ते कोरंच राहायला हवं. तेच पिवळं झालं. अर्धी प्लेट हळदीत बुडवल्यासारखी, आणि त्यात भावाचा खळगाही. तिला हायसं वाटलं. निरोगी रक्तालाही दोषी ठरवणारी प्लेट खोटंच बोलत असणार. असल्या प्लेटवर विसंबणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी सगळे अहवाल थांबवले आणि दोष शोधायचं काम तिच्यावर सोपवलं.

तिने एका वेळी एकच गोष्ट बदलली. धुण्याचं द्रव नवं केलं, पिवळं. रंगाची बाटली नवी फोडली, तरी पिवळं. मग धुण्याचं यंत्र बाजूला सारून सगळी प्लेट हाताने धुतली, तेव्हा निरोगी रक्त स्वच्छ कोरं राहिलं. तिने यंत्राच्या बारीक नळ्या उजेडात धरल्या. काहींच्या तोंडाशी मिठाचे खडे साचले होते. खळगे नीट धुतलेच जात नव्हते.

नळ्या साफ झाल्या, अडकलेल्या सगळ्यांची रक्तं पुन्हा लावली. एकेक माणूस सुटत गेला. भावाचा खळगा तेवढा पिवळाच राहिला.

तिने हाताने धुऊन पाहिलं. दुसऱ्या पेटीतली प्लेट घेतली. भावाला काहीतरी थाप मारून नवं रक्त आणलं. निरोगी रक्त कोरं राहिलं, पडताळ्यासाठी घातलेलं बाधित रक्त पिवळं झालं, आणि भाऊ पिवळ्यांत. जन्मभर खोड काढणाऱ्या बाईला एक खोड सापडेना.

चाचणी कशी बिघडते हे तिच्याइतकं कुणाला माहीत? त्या एका खळग्यात दुसरं द्रव घातलं नाही की झालं, तो कोराच राहणार. ती पिपेट हातात धरून किती वेळ बसली, तिचं तिला कळलं नाही. आईचं शरीर डोळ्यांपुढे होतं. नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून औषधं त्या शरीराची उरलीसुरली ताकदही मारणार होती, आणि त्यात हा विषाणू. तिने पिपेट ठेवली आणि डॉक्टरबाईंकडे गेली.

"हा माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "यापुढे त्याच्या रक्ताला मला हात लावू देऊ नका."

प्रत्यक्ष विषाणू शोधणारी तपासणी दुसऱ्यांनी केली. तो होताच. लहानपणी अपघातात भावाला रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा असं डॉक्टर म्हणाले. आधी तीन महिने गोळ्या घ्या, विषाणू गेला की मग बघू. भावाने मान डोलावली. आई मात्र मुलीकडे बघून म्हणाली, "परवा तूच सांगत होतीस ना, चाचणी खोटं बोलतेय म्हणून?" तिने आईला नळ्यांची हकिकत सांगितली. आईने ऐकून घेतली आणि कूस बदलली.

गोळ्या संपायच्या आत आई गेली. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडायच्या नळीतून जंतू रक्तात शिरले, ताप चढला तो उतरलाच नाही. पुढे भावाचा विषाणू पूर्ण गेला. तो ठणठणीत झाला.

दिवसकार्य आटोपल्यावर आईचे कपडे घडी करताना त्याने एकदाच विचारलं, "तू गप्प राहिली असतीस तर?"

"तर तुझा विषाणू तिला लागला असता."

"पण ती असती."

असती की नसती, हे सांगणारी चाचणी निघालेली नाही. दोघांनी राहिलेल्या घड्या घातल्या. त्यानंतर भाऊ येतो, बोलतो, पण थट्टा करत नाही. आणि ती कामावर पूर्वीसारखीच खोड काढते. फक्त एखादी प्लेट बिघडली की हल्ली तिला हायसं वाटत नाही.