नासारियोची भट्टी गावात आली

नासारियो एन्सीनास चुना भाजून विकतो, असं सरकारला माहीत होतं. तो बाकानोरा, म्हणजे घायपाताची दारू, गाळतो, हे बाकी सगळ्यांना माहीत होतं.

या दारूवरची बंदी त्याच्या जन्माआधीच आली होती. बंदी आली की दारू जाईल असं सरकारला वाटलं. पण सोनोराच्या डोंगरातली माणसं काही ऐकणारी नव्हती. दारू गेली नाही, फक्त दऱ्यांमध्ये वर सरकली. ला मेसिता गावात बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, टेबलाखालून एक बाटली फिरल्याशिवाय कार्य पुरं झालं असं कुणी मानत नसे. आणि ती बाटली बहुतेक वेळा नासारियोची असे.

बापाने, क्रिसान्तोने, त्याला सगळं शिकवलं होतं. कुठला घायपात पिकला आणि कुठल्याला अजून दोन पावसाळे द्यायचे. गड्डे खड्ड्यात तापल्या दगडांवर रचून वर माती कशी लोटायची. भाजलेला गर कुऱ्हाडीने ठेचून आंबवायला कसा घालायचा. आंबवणाच्या टाकीवर बाप पोराचं डोकं धरून कान टेकवायचा. "ऐक. बोलतंय ना अजून? मग हात लावू नकोस. गप्प झालं की गाळायचं." नासारियोला पुढे आयुष्यभर, घरातलं कुणी गप्प बसलं की उगाच वाटायचं, आता काहीतरी तयार झालं.

तो पंचविशीत असताना गस्तीच्या शिपायांना बापाची भट्टी सापडली. त्यांचा म्होरक्या लिब्रादो मोरेनो नावाचा तरणाबांड गडी होता. त्याने कुऱ्हाडीने पिंप फोडलं, तांब्याची नळी दगडावर ठेचली, आणि नासारियोला धरून नेऊन पंधरवडाभर आत बसवलं. सुटून घरी आला तेव्हा बाप अंगणात बसला होता. म्हणाला, "जेव. आणि उद्या चल माझ्याबरोबर. चुनाभट्टी लावायची आहे."

"चुना? आपण कधी चुना भाजलाय?"

"आता भाजायचा. धुराला कारण नको का?"

तेव्हापासून दरीच्या तोंडाशी चुनाभट्टी धुमसायची, आणि तिच्या मागे, अंजिराच्या झाडाआडच्या कपारीत, झऱ्याच्या काठी खरी भट्टी. वरून पाहिलं तर धूर एकच. बाप गेला, नासारियोचे केस पिकले, पण ती जागा कुणाला सापडली नाही.

मग एका वर्षी, नासारियो सहासष्ट वर्षांचा असताना, बंदी उठली. वाण्याच्या रेडिओवर बातमी लागली आणि बायका-बाप्ये रस्त्यावर आले. नासारियो मात्र घरात येऊन दार लोटून बसला.

त्याची बायको आम्पारो टम्म फुगलेल्या मोठाल्या रोट्या भाजत होती. "अरे म्हाताऱ्या, लोक तुझ्या नावाने ओरडताहेत बाहेर. आणि तू कोंबडीसारखा खुराड्यात?"

"हळू बोल."

"का म्हणून? आता कायदा झालाय!"

"कायदा काय, परत बदलेल."

वर्ष उलटलं तरी तो कपारीतच गाळत होता. गिऱ्हाईक आलं की इकडे-तिकडे बघून बाटली सदऱ्याखालून काढायचा. आम्पारोने अंगणात चिंचोळं छप्पर घातलं, दगडी चूल बांधून घेतली, विहिरीपासून पाण्याचा पाट आणला. "इथे लाव भट्टी. माझ्या डोळ्यांसमोर. चाळीस वर्षं मी नवऱ्याचं लग्न त्या दरीशी लागलेलं बघतेय."

"झऱ्याचं पाणी गार असतं. वाफ चांगली निवते."

"आणि विहिरीचं काय उकळतं?"

नासारियोला खरं कारण सांगता येत नव्हतं, कारण ते त्यालाच नीट ठाऊक नव्हतं. भर उजेडात धार पडताना बघायची म्हटलं की त्याचे पाय आपोआप दरीकडे वळायचे, इतकंच.

अशात एका रविवारी दुपारी एक म्हातारा खेचरावरून फाटकाशी उतरला. पाठीत वाकलेला, मिशा पांढऱ्याशुभ्र. आम्पारोने आधी ओळखलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. लिब्रादो मोरेनो होता.

"काय हवंय?" ती म्हणाली. "फोडायला घरात फक्त मडकी उरलीत."

लिब्रादोने हॅट काढली. "बाई, मी आता नातवंडं राखतो. नासारियोकडे एक मागणं आहे. नाही म्हणालात तर आल्या पावली जातो."

नासारियो बाहेर आला.

"वीस वर्षं तुमची भट्टी शोधली," लिब्रादो म्हणाला. "पुरती वीस. कुत्री आणली, खबरे ठेवले. मरायच्या आधी एकदा बघू द्या. कुठे होती?"

नासारियोच्या तोंडावर काहीतरी हललं. आम्पारोला वाटलं, आता हा भांडणार. पण त्याने खुंटीवरची हॅट घेतली. "चला, दॉन लिब्रादो. जवळच आहे."

चुनाभट्टीपाशी पोचल्यावर लिब्रादो थांबून धापा टाकू लागला. "ही जागा माहितेय मला. इथे बसून कितीदा डबा खाल्लाय. या निखाऱ्यांवर कॉफी गरम केलीय."

"हो. आणि चौकीला पांढरा रंग द्यायला चुनाही इथूनच न्यायचात."

"पुढे चला की मग. लांब आहे का?"

नासारियोने अंजिराच्या दोन फांद्या बाजूला केल्या.

पिंप, चूल, नळी, झऱ्यात बुडवलेला गारव्याचा पिपा, सगळं तिथेच होतं. लिब्रादो बघत राहिला. मग त्याने मागे वळून चुनाभट्टीकडे बघितलं, मग परत पुढे.

"पण वास यायचा! मी विचारलं होतं तुम्हाला! गोड वास कसला म्हणून!"

"विचारलं होतंत. मी म्हटलं, मधाचं पोळं आहे."

"आणि घरी मध पाठवलात!"

"तो विकत आणला होता," नासारियो म्हणाला. "महाग पडला."

लिब्रादो मटकन दगडावर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. नासारियो घाबरला, म्हाताऱ्याला काही झालं की काय. पण तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. मग नासारियोलाही आवरेना. दोघे झऱ्याकाठी पोट धरून बसले.

हसू ओसरल्यावर लिब्रादो नळीवर हात फिरवत म्हणाला, "तुमच्या वडिलांची नळी मी ठेचली होती. त्या वयात मला वाटायचं, मोठं काम केलं."

"बाप चिडला नव्हता. मी चिडलो होतो."

"अजून?"

नासारियोने विचार केला. "मघाशी घरून निघेपर्यंत होतो बहुतेक."

लिब्रादो उठला. "मग हे खाली कधी न्यायचं? तुमच्या बाईने छप्पर बांधून ठेवलंय, गावात सगळे सांगतात. माझं खेचर रिकामंच आहे."

नासारियो आढेवेढे घेऊ लागला तसा लिब्रादो जुन्या आवाजात गरजला, "उचला ते पिंप! जप्त!" आणि नासारियोने सवयीने उचललं.

गावात शिरताना आधी पोरांनी पाहिलं. पुढे लिब्रादो मोरेनो खेचराचा लगाम धरून, खेचरावर भट्टीचं पिंप, आणि मागे नासारियो, खांद्यावर तांब्याची नळी, ऊन पडून लखलखणारी. बायका खिडक्यांतून ओरडल्या, "दॉन लिब्रादो, शेवटी पकडलात तर!"

"पकडलं!" तो ओरडला. "तुमच्या नाकाखाली होतं, आणि माझ्याही!"

कुणी अकॉर्डियन काढलं, कुणी चर्चची घंटा बडवली. चौकात येईपर्यंत अर्धं गाव मागे होतं. नासारियोची मान आधी खाली होती. वाण्याच्या दुकानापाशी त्याने ती वर केली, आणि मग ती खाली गेलीच नाही.

आठवड्याने आंबवण गप्प झालं आणि अंगणात भट्टी पेटली. पहिली धार नासारियोने शिरस्त्याप्रमाणे बाजूला काढली, नंतरची बाटलीत धरून हलवली. वर बारीक मोत्यांसारखे बुडबुडे जमले आणि टिकले, म्हणजे दारू नीट उतरली होती. आम्पारोने सगळ्यांदेखत त्याच्या हातून बाटली घेतली, एक घोट घेतला आणि गप्प राहिली.

"काय? विहिरीचं पाणी?" नासारियोने धास्तावून विचारलं.

"थांब जरा, उतरू दे की," ती म्हणाली, आणि दुसरा घोट घेऊन बाटली लिब्रादोकडे दिली. "चांगली आहे. दरीतल्यापेक्षा चांगली."

ते खरं नव्हतं, आणि नासारियोला ते कळत होतं. पण त्याने वाद घातला नाही. अकॉर्डियनवाल्याने पोल्का नाचाचा ताल धरला होता, आणि आम्पारो पिठाचे हात पुसत नासारियोकडे येत होती.

पुढची अकरा वर्षं तो त्या छपराखाली गाळत राहिला. रविवारी लिब्रादो यायचा, जाळ सारायचा, आणि गिऱ्हाइकांना रांगेत उभं राहा म्हणून दरडावायचा.