मासे धरायला बसलेलं विमान

हिल्काचं विमान बुडालं ते फारसा आवाज न करता. ओंटारिओच्या उत्तरेकडच्या त्या गोठलेल्या तळ्यावर ती दर हिवाळ्यात उतरायची आणि फासे लावून जनावरं धरणाऱ्या सिमियनला पीठ, चहा, रॉकेल पोचवायची. त्या दिवशी वाऱ्यामुळे विमान चाकांऐवजी बसवलेल्या स्कींवर, म्हणजे लांब घसरपट्ट्यांवर, घसरत पार तळ्याच्या निमुळत्या तोंडाशी गेलं. तिथे खालून प्रवाह वाहतो. वर भुसभुशीत बर्फाची दुलई पडली की खालचा थर जाड होतच नाही. इंजिन बंद करताच पुढचा भाग खाली गेला. पंख मात्र कडेच्या बर्फावर टेकले आणि विमान लोंबकळत राहिलं. हिल्का खिडकीतून बाहेर पडली आणि पोटावर सरपटत काठाला आली. ओले कपडे वाटेतच कडक झाले होते.

"तुझं विमान मासे धरायला बसलंय," सिमियन तिच्या अंगावर घोंगडी टाकत म्हणाला.

सिमियनच्या वायरलेसवरून निरोप गेला तसा तिचा भाऊ ताउनो बर्फावरची मोटार घेऊन आला.

"साठी उलटली तुझी, हिल्का. देवाचा इशारा समज. बुडू दे ते."

"इशारा द्यायचा असता तर त्याने ते पुरतं बुडवलं असतं. पंखांवर कशाला अडकवलं? साखळी आणलीस का?"

"आणलीय," ताउनो चरफडत म्हणाला.

तिघांनी तीन ओंडक्यांची तिकाटणी उभी केली, कप्पी बांधली आणि विमान ओढायला घेतलं. अर्ध्यावर साखळी निसटली, विमान पुन्हा गचकन खाली गेलं. ताउनोने हातमोजे काढून फेकले. "आता बास."

"तू घरी जा. सिमियन, तुम्ही धरा हे टोक."

ताउनो काही गेला नाही. अंधार पडायच्या आत त्यांनी विमान ओंडक्यांवर चढवलं. मग ताडपत्रीखाली शेगडी पेटवून इंजिनातलं बर्फ वितळवलं, पाणी काढलं, तेल बदललं. इंजिनापुढचा वाकलेला पंखा दुसऱ्या दिवशी ताउनोनेच बदलला, दिवसभर शिव्या घालत.

मार्चमध्ये ती पुन्हा त्याच तळ्यावर गेली. या खेपेला तिने आधी दोन ठिकाणी नुसत्या स्की टेकवल्या, तशीच वर उठली आणि घिरटी घालून खाली पाहिलं. एका ठिकाणचा स्कींचा माग काळा पडत होता, पाणी वर येत होतं. तिथे न उतरता तिने झोपडीसमोर, कोरड्या मागावर विमान उतरवलं.

"आता तरी थांबशील, असं गावात म्हणत होते," सिमियन पोतं उचलत म्हणाला.

"म्हणू देत. तुम्हाला एप्रिलात काय आणू?"