बोक्याचा फोन

किडनीवाल्या मॅडमच्या मनात पाल चुकचुकली ती एका ओळीवरून. सरकारी ग्रँटसाठी पाठवलेलं त्यांचं प्रपोजल नापास होऊन परत आलं होतं. त्याचं एवढं काही नाही. नापास होणं या धंद्यात दाढदुखीसारखं अंगवळणी पडतं. पण खाली परीक्षकाचा शेरा होता: 'निकाल दिसतात गोड. पचतात का? सगळे उंदीर नर आहेत. माद्यांचं काय?' परीक्षकाचं नाव कधी कळत नाही, पद्धतच तशी आहे. मॅडम मात्र खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाल्या.

"बोका!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हा बोकाच मेला!"

हा बोका म्हणजे त्यांचा जुना सहाध्यायी. दोघांनी मोठ्या सरांच्या हाताखाली एकाच लॅबमध्ये पीएचडी केली. उंदीर त्याच्या हातात इतके गुपचूप बसायचे, की बिचारे भीतीनंच बसलेत असं वाटायचं, म्हणून बोका. एका टेबलावर दोघांनी किडन्या कापल्या, एका डब्यातलं खाल्लं, एकमेकांच्या फसलेल्या प्रयोगांवर पोट धरधरून हसले. मोठे सर कुणाचाही आलेख समोर आला की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "दिसतंय गोड. पचतंय का?" सर बाहेर गेले की बोका त्यांची अशी काही हुबेहूब नक्कल करायचा, की मॅडमना ठसका लागायचा. तेच वाक्य आता छापील अक्षरांत समोर आलं होतं. दुसरं कोण असणार? तोही किडनीवरच काम करत होता, दुसऱ्या संस्थेत.

संस्था मॅडमना पगार देत होती, पण पगारानं संशोधन होत नाही. उंदीर, त्यांचं खाणं, रसायनं, हाताखालची मुलं, सगळं ग्रँटवर. ग्रँट संपली की चूल विझली. सुरुवातीला नवख्यांसाठी असते ती छोटी ग्रँट मॅडमना मिळाली, मग मोठी, मग तिच्याहून मोठी. त्यांचा प्रश्न साधा होता. किडनीला मार बसला तर ती वरवर बरी होते, पण आत वण राहतो, आणि तो वण पसरत पसरत सगळ्या किडनीचं वाटोळं करतो. हा वण उठतोच का? मॅडमनी एक प्रथिन शोधलं होतं. ते ज्या उंदरांत नाही, त्यांना वण उठत नव्हता. असे उंदीर त्यांनी स्वतः पिढ्यान्पिढ्या वाढवून तयार केले होते. त्यांच्या लॅबबाहेर ते कुठंही नव्हते. लोकांची लेकरं शाळेत जात होती, मॅडमची पिंजऱ्यात होती.

आणि आता कुणीतरी त्यावर डोळा ठेवलाय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. एकदा संशय शिरला की पुरावे काय, अंगणात पडलेले सापडतात. एका परिषदेत बोक्यानं त्यांच्या पोस्टरचा फोटो काढला होता. का काढला? फोनवर विचारलं होतं, "सध्या काय चाललंय?" का विचारलं? मॅडमनी फ्रीजरला कुलूप घातलं. किल्ली गळ्यात. नळ्यांवर खरी नावं लिहायची बंद केली. 'मंगळवार', 'गुलाबी', 'मोठी आत्या' अशी टोपणनावं सुरू केली, म्हणजे कुणी चोरलं तरी ताकास तूर लागू नये. पुढं 'मोठी आत्या' म्हणजे नक्की काय, हे त्यांनाच आठवेना, आणि अख्खा डबा फेकून द्यावा लागला. त्याचाही राग बोक्यावरच निघाला.

प्रपोजलमध्ये एक रकाना असतो: हे कुणाला तपासायला देऊ नये? पुढच्या खेपेला मॅडमनी तिथं बोक्याचं नाव ठसठशीत लिहिलं. प्रपोजल पुन्हा नापास. शेरा: 'माद्यांचं काय, हे अजून कळलं नाही. पचायला जड.'

"बघ!" मॅडम घरी नवऱ्यावर कडाडल्या, जणू शेरा त्यानंच लिहिला होता. "स्वतः लिहिता येईना, तर दुसऱ्याकडून लिहून घेतलं!"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस शांत. दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का, आता दिसतंय का' विचारून त्याच्या अंगी सबुरी आली होती. "अगं, मग करून टाक ना माद्यांवर एकदा. तुझं काय जातंय?"

"वर्ष जातंय! त्याला तेच हवंय. मी माद्या वाढवत बसते आणि हा पठ्ठ्या तेवढ्यात छापून मोकळा होतो. मला काय दुधखुळी समजतोस?"

"तुला दिवसभर भिंगातून बघायची सवय झालीय," नवरा म्हणाला. "घरी आल्यावर तरी डोळा काढत जा बाई त्यातनं."

मॅडमनी माद्यांवर प्रयोग केला नाही. हट्टानं केला नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र नशीब जरा हललं. प्रपोजल पहिल्या चाळणीतून गेलं आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. त्याच आठवड्यात संचालकांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला. एरवी कधी पाणी न विचारणारा माणूस! मॅडम तेव्हाच सावध झाल्या. "या वेळी नाही झालं, तर तुमची लॅब दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल," ते म्हणाले. "माझाही नाइलाज आहे."

"आणि उंदीर?"

"उंदरांचं बघू," संचालक म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढं सरकवली. उंदरांचं बघू म्हणजे काय, ते त्या इमारतीत शिपायालाही कळत होतं.

त्या दिवशी घरी फोन वाजला. बोक्याचा. मॅडम पडद्यावरच्या नावाकडे बघत राहिल्या आणि फोन वाजून वाजून बंद पडला. "माहिती काढायला केला असणार," त्या म्हणाल्या. त्यानं पुन्हा केला, मग पुन्हा. त्यांनी उचलला नाही.

मुलाखतीच्या दिवशी त्या सरकारी इमारतीच्या लांबलचक बोळात बाकावर बसल्या होत्या. समोर बंद दार. आत कमिटी. शिपायानं त्यांच्या फाइलचा क्रमांक पुकारला आणि 'थांबा जरा' असं खुणावलं. दार उघडलं आणि हातात चहाचा कप घेऊन बाहेर कोण यावं? बोका! केस पिकलेले, पोट सुटलेलं, पण चाल तीच, मांजराची.

मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे आतच बसला होतास तर."

"आत कसला? तुझी फाइल आली की मला बाहेर काढतात." तो खुशाल शेजारी टेकला. "पहिल्या खेपेला मी आपणहून बाहेर आलो होतो. एका डब्यातलं जेवलेली माणसं आपण, मी कसले मार्क देणार? पुढच्या खेपेपासून तू माझं नावच लिहिलंस. बरं केलंस. मला दर वेळी सांगायचं काम उरलं नाही."

मॅडम त्याच्याकडे वळल्या. "मग ते... दिसतंय गोड, पचतंय का?"

बोका हसला. "आठवतंय तुला! अगं, आत जाशील तेव्हा ऐकशीलच. सर बसलेत की आत. निवृत्त झाले तरी किडनीच्या फाइली अजून त्यांच्याकडेच जातात. इतकी वर्षं उलटल्यावर कमिटी गुरुशिष्याचं नातं धरत नाही."

सर! ज्यांना मॅडम दर वर्षी न चुकता भेटायला जात, पाया पडत, बोक्याच्या कागाळ्या सांगत, ते सर. आणि ते नुसते 'हं, हं' करत ऐकून घेत.

"बरं, ते जाऊ दे," बोका पुढं झुकला. "तुला किती फोन केले! माझ्याकडे एक भन्नाट गोष्ट सापडलीय, अजून कुणाला बोललो नाही. माद्यांमध्ये तुझं ते प्रथिन मुळात झोपलेलंच असतं. त्यांना वण उठतच नाही. अंडाशय काढले की प्रथिन जागं होतं, आणि वण हजर. म्हणजे तू म्हणत होतीस तेच खरं! म्हटलं, पहिल्यांदा तुलाच सांगावं."

मॅडमना लाज वाटली. इतकी लाज, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्या काहीतरी बोलणार, माफी मागणार, एवढ्यात शिपायानं दार उघडून त्यांना आत बोलावलं.

टेबलाच्या टोकाला मोठे सर होते, वाळलेले, कानात यंत्र. मॅडमनी बोलणं नीट पार पाडलं. आलेख दाखवले. सगळे माना डोलवत होते. मग सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दिसतंय गोड," सर म्हणाले. "माद्यांचं काय झालं गं? की तेवढं माझंच तुणतुणं?"

'नाही केलं, सर' एवढंच म्हणायचं होतं. खरं तेच होतं. पण मॅडमच्या डोळ्यांपुढे पिंजरे आले, संचालकांची बिस्किटं आली, आणि तोंड आपलं आपण चालायला लागलं.

"सुरुवातीचे निकाल हाती आलेत, सर. माद्यांमध्ये प्रथिन झोपलेलं असतं. अंडाशय काढले की जागं होतं आणि वण उठतो."

सरांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "पचलं," ते म्हणाले. "आत्ता कुठं पचलं."

बाहेर बोका दुसरा चहा घेऊन उभा होता, खास त्यांच्यासाठी. "काय विचारलंन म्हाताऱ्यानं? माद्यांचंच ना? बरं झालं बाई, मी वेळेवर सांगितलं. बोलायला विषय तरी मिळाला असेल." मॅडमनी मान हलवली. काय हलवली, होय की नाही, देव जाणे. बोका दार ढकलून पुढच्या फाइलसाठी आत गेला, सरांच्या शेजारच्या खुर्चीवर. मॅडम त्या बंद दाराकडे बघत राहिल्या आणि चहा तसाच गार झाला.

ग्रँट मिळाली. लॅब राहिली, उंदीर राहिले, संचालकांनी पेढ्यांसारखं तोंड करून अभिनंदन केलं. त्या दिवशी घरी फोन वाजला.

"उचल की," नवरा म्हणाला. "बोक्याचा आहे."

"माहिती काढायला केला असणार," मॅडम म्हणाल्या.

नवरा हसला, नेहमीसारखा. मॅडम हसल्या नाहीत, कारण या वेळी ते खरं होतं. फोन वाजत राहिला. त्यांनी गळ्यातली फ्रीजरची किल्ली मुठीत घट्ट धरली होती.