न तोडलेली फुलं

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही राणीसावरगाव सोडून परभणीत भाड्याच्या घरात राहायला आलो. गल्लीत बौद्धाचं घर आमचं एकटंच. ह्यांना कचेरीत नोकरी, मला दिवसभर अंगण. न्हाणीचं पाणी वळवून मी तिथं फुलझाडं लावली, आणि लावली तीही नीट विचार करून. मागं उंच पिवळा झेंडू, पुढं लालभडक कोंबडा, आणि दोघांचं भांडण लागू नये म्हणून मधे पांढरी शेवंती. काठाला अबोली. कुंपणावर निळी गोकर्ण चढवली. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि मी उगाचच दारात येऊन उभी राहायचे.

आमच्या गल्लीत उजाडायच्या आत बाया परड्या घेऊन निघत. देवासाठी फुलं कुणाच्याही कुंपणातून तोडायची, विचारायचं नाही, असा तिथला रिवाज. ऊन येईपर्यंत सगळ्यांची झाडं ओकीबोकी. माझ्या झाडांचं मात्र एक फूल कमी होत नसे. इतकी मन लावून केलेली रचना मोडायला कुणाचा हात धजत नसेल, असं मला वाटायचं. शहाणपण बघा माझं!

एकदा ह्यांच्या साहेबांच्या बायको घरी आल्या. शेजारच्या काकूही ओट्यावर गप्पा मारत बसल्या होत्या. बाग बघून बाई हरखल्याच.

"लय देखणी लावलीत हो. पण फुलं टिकतात कशी? आमच्याकडं बाया एक ठेवत न्हाईत. तुमच्याकडं देवासाठी कुणीच तोडायला येत न्हाई का?"

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी पदर सारखा केला आणि त्या रस्त्याकडं बघायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कानशिलं तापली. लाज खरं तर त्यांना वाटायला हवी होती, पण वाटली मला. इतके महिने मी दारात मिरवत होते आणि आमची फुलं का उरतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"येतात की," मी म्हणाले. "आज राहिलं असंल."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मीच सगळी झाडं ओरबाडली. हळुवार नव्हे; घाईत तोडतात तशी, देठं मोडत, पानं सांडत. ओंजळभर फुलं बुद्धाच्या तसबिरीपुढं ठेवली, उरलेली आत नेऊन टोपलीखाली झाकली. आमचं अंगण आता चारचौघांसारखं दिसत होतं.

पाण्याला निघालेल्या काकू कुंपणाशी थबकल्या.

"अगं बाई, फुलं कुठं गेली?"

"बायांनी नेली की, देवाला."

कोणत्या बायांनी, हे त्यांनी विचारलं नाही. घागर दुसऱ्या कडेवर घेतली आणि नळाकडं गेल्या.